पाऊणपटीच्या हिशोबाने सात दिवस: अलिबाग ते हेदवी

कोकणात सहलीचं वेळापत्रक लोक किलोमीटरवर आखतात आणि तिथेच फसतात. इथे घड्याळ समुद्राचं चालतं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटी हवी, जंजिऱ्याच्या पायऱ्यांवर नीट उतरायचं तर भरती हवी, हरिहरेश्वरची प्रदक्षिणा चुकीच्या वेळी केली तर जिवावर बेतते. म्हणून आधी तिथी ठरवावी आणि मग राहण्याची सोय.

हिशोब जुना आणि तोंडी करण्याजोगा आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ, दिवसाची आणि रात्रीचीही. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. खरं तर एका तिथीमागे भरती ४८ मिनिटांनी पुढे सरकते. पाऊण तास धरल्यामुळे रोज तीन मिनिटं कमी पडतात आणि पंधराव्या तिथीपर्यंत ती ४५ होतात. त्यामुळे सूत्राने पौर्णिमेची भरती सव्वाअकराला येते, पण पाणी खरं चढतं बाराच्या सुमारास. शुद्ध पक्षात असो की वद्य, दशमीच्या पुढे अर्धा-पाऊण तास वर धरावा. मोबाइलवर भरती-ओहोटीची तक्ते मिळतात, ते जरूर पाहावेत. पण रेंज जिथे हवी तिथेच नसते, तेव्हा तोंडी हिशोब उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा ना धड भरती ना धड ओहोटी. खाली दिलेले सात दिवस माघ शुद्ध त्रयोदशी ते वद्य चतुर्थी असे धरले आहेत. थंडी सरत आलेली असते, समुद्र शांत असतो, कासवांची पिल्लं निघायला लागलेली असतात आणि ओहोट्या सोयीच्या वेळी पडतात. हाच हिशोब फाल्गुनात लावला तर पौर्णिमेला शिमगा येतो. पालख्या बघायच्या असतील तर उत्तमच, पण मग खोल्या आधीच भरलेल्या असतात आणि खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटीला गाड्यांची रांग लागते.

रस्त्यांबद्दल एकच सांगायचं. किनाऱ्याच्या रस्त्याने तासाला पंचवीस किलोमीटरच्या वर धरू नये.

पहिला दिवस, त्रयोदशी: अक्षी आणि कुलाबा

दुपारपर्यंत अलिबागला पोचलं तरी चालतं. आधी अक्षीचा शिलालेख पाहून घ्यावा. शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ चा हा लेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मानला जातो. वर चंद्र-सूर्य, खाली गद्धेगाळ. दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी दगडात कोरून ठेवायची ही त्या काळची रीत. अक्षरं झिजलेली आहेत. डोक्यावर ऊन असताना काही दिसत नाही, उन्हं तिरपी असली की उठून दिसतात. त्यामुळे घाईत असाल तर हा थांबा दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवावा.

कुलाब्याची ओहोटी या दिवशी साडेचारच्या सुमारास. तीन वाजता निघावं, पाणी अजून ओसरत असताना, आणि ओहोटीनंतर तासाभरात किनाऱ्यावर परत यावं. उधाणाच्या दिवसांत वाळू बहुतेक कोरडी पडते, भांगाच्या दिवसांत गुडघ्याएवढ्या पाण्यातून जावं लागतं. घोडागाड्याही मिळतात. अडकतात ते लोक एकाच कारणाने: पाणी समोरून येताना दिसेल असं त्यांना वाटतं. इथे ते मधल्या सखल पट्ट्यात आधी भरतं. किल्ल्याजवळची वाळू कोरडी असते तेव्हा मागची वाट बंद झालेली असते.

किल्ल्याचं बांधकाम शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात, १६८० मध्ये सुरू झालं आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात तो आरमाराचं ठाणं झाला. आत सिद्धिविनायकाचं मंदिर, गोड्या पाण्याची विहीर, तटावर चाकाच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन इंग्रजी तोफा. सगळे तोफांपाशी फोटो काढून परततात. पाहायचं ते वेगळंच आहे. तटाच्या बाहेरच्या अंगाला जाऊन दोन चिऱ्यांमधल्या फटीत बोट घालून बघा. चुना लागत नाही. मोठमोठे काळे धोंडे नुसते एकावर एक रचले आहेत. लाट आदळते, पाणी फटींमधून आत शिरतं आणि तसंच बाहेर पडतं, त्यामुळे धक्का भिंतीला पूर्ण बसत नाही. ही फट लक्षात ठेवा, तिसऱ्या दिवशी तिचं उलटं उत्तर बघायचं आहे.

मुक्काम नागाव किंवा रेवदंड्याला. घरगुती खानावळीत रात्रीचं जेवण हवं असेल तर दुपारीच सांगून ठेवावं. आयत्या वेळी गेलात तर जेवण मिळेल, पण मासा मिळेलच असं नाही.

दुसरा दिवस, चतुर्दशी: रेवदंडा, कोर्लई, फणसाड

रेवदंड्याचा रस्ता पोर्तुगीज तटबंदीच्या आतूनच जातो, तट ओलांडल्याचं कळतसुद्धा नाही. गाडी लावून वाडीतल्या वाटेने सातखणी मनोऱ्याकडे जावं. फ्रान्सिस्कन चर्चचा हा मनोरा. चर्च गेलं, मनोरा उरला, आणि भोवती माड-पोफळी. आतले मजले पडलेले असल्यामुळे वर चढता येत नाही. रशियन व्यापारी अफनासी निकितीन पंधराव्या शतकात ज्या चौल बंदरात उतरला, ते हेच परिसर. त्याचा स्मृतिस्तंभ गावात आहे.

कुंडलिकेच्या खाडीवरचा साळावचा पूल ओलांडला की कोर्लई. किल्ला समुद्रात घुसलेल्या सोंडेसारख्या डोंगरावर आहे, लांबच लांब आणि अरुंद, म्हणून दरवाज्यामागून दरवाजे लागतात. एक भाग पडला तरी पुढचा लढवता यावा यासाठी. दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या आहेत, चढ वीस-पंचवीस मिनिटांचा, पण सावली अजिबात नाही. नऊच्या आत वर असावं.

पायथ्याच्या गावात मात्र थोडं थांबावं. १७४० मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले, पोर्तुगीज गेले, आणि त्यांची भाषा इथे राहून गेली. इथली ख्रिस्ती वस्ती घरात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली बोलते. तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा, असं म्हणतात. ती कुठे लिहिलेली दिसणार नाही. ऐकायची असेल तर चर्चच्या बाजूच्या गल्लीत संध्याकाळी कानावर पडते. लोकांना ‘जरा बोलून दाखवा’ म्हणणं बरं दिसत नाही.

दुपारनंतर फणसाड. जंजिरा संस्थानच्या नवाबाचं हे शिकारीचं रान, १९८६ मध्ये अभयारण्य झालं. प्रवेश सुपेगावच्या बाजूने. इथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात आणि या काळात बाकी ओढे आटत आल्यामुळे प्राणी गाणीवर येतात. चालत सुटण्यापेक्षा साडेतीनला एखाद्या गाणीपाशी जाऊन सहापर्यंत गप्प बसणं जास्त फायद्याचं. भेकर, सांबर यांची शक्यता असते. बिबट्याचं नाव सगळे काढतात, ठसे दिसले तरी खूप झालं. भडक कपडे आणि अत्तर नको.

शेकरू मात्र थोड्या धीराने हमखास दिसतं. वर बघत फिरलं तर मान दुखते, हाती काही लागत नाही. आधी खाली बघावं. ताजी कुरतडलेली फळं, सालीचे तुकडे एकाच झाडाखाली पडलेले दिसले की तिथे थांबावं. मग घरटी शोधावीत. काटक्या-पानांचा फुटबॉलपेक्षा मोठा गोळा, उंच झाडाच्या अशा फांद्यांवर जिथे शेजारच्या झाडाची फांदी येऊन भिडते. एकाच शेकराची अशी अनेक घरटी असतात, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे शेकरू आत आहे असं नाही. ते जमिनीवर जवळजवळ उतरत नाही, म्हणून मधली दोन झाडं तोडली की त्याची वाटच तुटते. गारंबीचे अजस्र वेलही याच रानात बघावेत, हातभर लांब शेंगा लोंबत असतात.

आकाशात गोल फिरणारी मोठी काळपट पाखरं दिसली तर दुर्बीण लावा. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं फणसाडात आणि म्हसळ्याजवळच्या चिरगावच्या रानात अजून टिकून आहेत. जनावरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, तोवर देशभर गिधाडं जवळपास संपली होती. त्यात ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने याच पट्ट्यातली उंच झाडं पाडली. गिधाडाला घरटं बांधायला अशीच झाडं लागतात, आणि ती दहा-वीस वर्षांत होत नाहीत.

मुक्काम मुरूड.

तिसरा दिवस, पौर्णिमा: जंजिरा, खोकरी, आगरदांडा-दिघी

भरती बाराला. राजपुरीहून सुटणारी सकाळची होडी घ्यावी, पाणी चढतं असताना. किल्ल्याच्या दरवाजापाशी धक्का असा नाहीच. होडी पायरीला घासत उभी राहते आणि लाट वर आली की पाऊल टाकायचं. भरतीला वरच्या कोरड्या पायऱ्यांवर उतरता येतं. ओहोटीला खालच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात आणि तिथेच लोक घसरतात. खलाशी हात देतो तो मनगटाला धरावा, पंज्याला नाही. वयस्कर माणसं बरोबर असतील तर ही सकाळची वेळ चुकवू नये. पावसाळ्यात होड्या बंद असतात.

होडीवाले किल्ल्यावर साधारण पाऊण ते एक तास देतात. बावीस एकरांच्या किल्ल्याला तो पुरत नाही. दोन तास हवे असतील तर बसण्याआधी बोलून घ्यावं आणि पैसे परतल्यावर द्यावेत. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत शिरताना भिंतीवर पंज्यांत हत्ती पकडलेला वाघसदृश प्राणी कोरलेला आहे, गर्दीच्या रेट्यात तो हटकून निसटतो. पूर्वी इथे कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता, राम पाटलाचा. सिद्दींनी तो घेतला आणि दगडी किल्ला उभा केला. एकोणीस बुरूज, कलालबांगडी तोफ, गोड्या पाण्याचे दोन तलाव. तलावांमुळेच वेढा पडूनही किल्ला तहानेने पडला नाही. तोफेचं वजन आणि पल्ला याबद्दल वाटाडे जे आकडे सांगतात ते दर होडीला वाढत जातात. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत जंजिरा कोणाला जिंकता आला नाही, एवढं मात्र खरं.

तटावरून वायव्येकडे समुद्रात दुसरा किल्ला दिसतो तो पद्मदुर्ग, म्हणजे कासा किल्ला. जंजिऱ्याला शह द्यायला मराठ्यांनी बांधलेला. तिथे होड्यांची नियमित ये-जा नाही, मुरूडहून ठरवून जावं लागतं आणि खडकांमुळे पाणी पुरेसं असतानाच होडी लागते. एक सकाळ जास्तीची असेल तर तीच इथे घालवावी, कारण कुलाब्याच्या फटीचं उत्तर इथे आहे. पद्मदुर्गाच्या तटात चुना भरपूर आहे. साडेतीनशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने दगड खाल्ले आणि चुना राहिला! चिरे आत वाटीसारखे झिजलेत आणि त्यांच्या कडेच्या चुन्याच्या रेघा बोटभर पुढे आलेल्या, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या. नखाने खरवडून बघितलं तरी चुन्याचा कण सुटत नाही. एका किल्ल्यात चुना मुद्दाम टाळला, दुसऱ्यात तो दगडापेक्षा वरचढ ठरला, आणि दोन्ही अजून उभे.

राजपुरीच्या जवळच खोकरीचे घुमट. सिद्दी सुरुलखानाचा सर्वांत मोठा, शेजारी याकूतखान आणि खैर्यतखानाचे दोन लहान. दगडी जाळ्यांची कारागिरी निवांत बघता येते, कारण जंजिऱ्याच्या गर्दीतला दहावा माणूसही इकडे वळत नाही.

आगरदांड्याहून फेरीने दिघी. खाडी फिरून जायचं म्हटलं तर अर्धा दिवस जातो. गाडी खलाशी सांगेल तिथे लावायची, गिअरमध्ये ठेवायची, हँडब्रेक ओढायचा. उधाणाच्या ओहोटीला उताराचा खालचा हिरवा भाग उघडा पडतो, तिथे दुचाकी हमखास घसरते. मागे बसलेल्याला आधी उतरवावं आणि पुढचा ब्रेक दाबू नये.

दिघीहून दिवेआगर. १९९७ मध्ये इथल्या पोफळीच्या वाडीत तांब्याच्या पेटीत सुवर्णगणेश सापडला, २०१२ मध्ये तो चोरीला गेला. मंदिरात नव्या मूर्तीचं दर्शन होतं. पण शिल्प म्हणून वेळ द्यावा तो रूपनारायणाला. प्रभावळीत दशावतार कोरलेली विष्णूची मूर्ती आहे, काळा दगड अजून आरशासारखा. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने श्रीवर्धन. श्रीवर्धनी रोठा सुपारीच्या वाड्या रस्त्याला लागून आहेत. नीट पाहिलं तर मधेच आभाळ उघडं पडलेलं दिसतं, त्या २०२० च्या वादळाच्या खुणा. पोफळ लावल्यापासून फळाला यायला सहा-सात वर्षं लागतात.

चौथा दिवस, वद्य प्रतिपदा: हरिहरेश्वर ते वेळास

ओहोटी सकाळी साडेसहा-पावणेसातला. पहाटे सहाच्या आत श्रीवर्धन सोडावं, उजाडताना हरिहरेश्वरला पोचावं. रीत अशी की आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं, मग पुन्हा काळभैरवाचं. प्रदक्षिणा मात्र ओहोटी असतानाच उरकावी, दर्शन नंतरही होतं. डोंगरातल्या खिंडीतून पायऱ्या थेट समुद्रात उतरतात आणि मग खडकावरून वळसा घालून परत देवळाकडे यायचं. पाऊण तास पुरतो. आठच्या आत बाहेर असावं.

इथे दरवर्षी सूचनाफलकाच्या शेजारून चालत जाऊन लोक वाहून जातात. कारण दोन. एक, खडकाचा ओला काळा भाग कोरड्यापेक्षा सपाट दिसतो, म्हणून पाय तिकडे वळतात. तो शेवाळाने गुळगुळीत झालेला असतो. दुसरं, सलग दहा लाटा लहान येतात आणि अकरावी कमरेएवढी. ज्या रेषेपर्यंत खडक ओला आहे, त्या रेषेच्या आत लाट येणारच, मग समोर समुद्र कितीही निवांत दिसो. कड्याच्या अंगाने चालावं. तिथेच बघण्याजोगी नक्षीही आहे. खारं पाणी दगडात मुरतं, सुकताना मीठ फुगतं आणि कण कण सुटून कड्याला जाळीदार भोकं पडतात.

बागमांडल्याहून सावित्रीची खाडी फेरीने ओलांडून वेसवी. पलीकडे बाणकोटचा हिम्मतगड चढाला सोपा आहे, खाडीचं मुख वरून पूर्ण दिसतं. १७५५ नंतर इंग्रजांनी याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं होतं. खाडीच्या कडेने तिवरांच्या रांगा, वर समुद्री गरुड घिरट्या घालत असतो. दुपारच्या जेवणाला वेळास.

नाना फडणवीसांचं हे गाव आता ओळखलं जातं ते ऑलिव्ह रिडले कासवांमुळे. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरट्यांचं रक्षण सुरू केलं आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. राहायची सोय गावातल्या घरांतच. गादी जमिनीवर, जेवण शाकाहारी आणि चविष्ट, पंखा असेल तर आहे. हॉटेलच्या अपेक्षा घेऊन येणाऱ्यांनी येऊच नये, गावाचं तेवढंच भलं होईल.

काम कसं चालतं ते समजून घेतलं तर पाहण्यात अर्थ आहे. मादी रात्री वाळूत चढते, पुळणीवर तिच्या चालीचा दोन-सव्वादोन फूट रुंद पट्टा उमटतो. कासवमित्र उजाडण्याआधी किनारा चालतात तो हाच पट्टा शोधायला, कारण कोल्हे, कुत्री आणि रानडुकरंही तोच शोधत असतात. घरट्यात शंभर ते दीडशे अंडी. ती काही तासांच्या आत हलवावी लागतात, आणि ज्या बाजूने होती त्याच बाजूने ठेवावी लागतात. पहिल्या काही तासांनंतर आतला गर्भ कवचाला चिकटतो. मग अंडं उलटलं तर तो मरतो. कुंपणाच्या आत सुरईच्या आकाराचा, दीड फूट खोल खड्डा करून अंडी मूळ घरट्याइतक्याच खोलीवर ठेवतात, वाळूने बुजवतात, तारीख आणि अंड्यांची संख्या लिहून पाटी लावतात. खोली महत्त्वाची, कारण वाळूच्या तापमानावर पिल्लू नर की मादी ते ठरतं. ऊब जास्त तर माद्या जास्त.

पन्नास-पंचावन्न दिवस झाले की घरट्यावर टोपली पालथी घालतात. पिल्लं निघायच्या आधी एक खूण दिसते: वरची वाळू बशीसारखी किंचित खचते. खाली पिल्लं कवच फोडून एकमेकांच्या अंगावर चढत असतात, तशी वाळू खाली झिरपते. खचलेली बशी दिसली की कासवमित्राच्या चेहऱ्यावरूनच कळतं.

सोडण्याची वेळ सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, वाळू तापलेली नसताना. पिल्लं पाण्यात नेऊन टाकत नाहीत. काही अंतरावर वाळूत ठेवतात आणि चालू देतात, कारण हा किनारा त्यांच्या स्मरणात याच चालण्यात बसतो असं मानतात. बघणाऱ्यांनी दोरीच्या मागे राहावं, फ्लॅश मारू नये, मोबाइलचा दिवा लावू नये. उजेडाकडे जाणं हा पिल्लाचा समुद्र शोधायचा मार्ग आहे, तुमच्या उजेडाने ते उलटं वळतं. आणखी एक, जे फारसं कोणी सांगत नाही. दोरीपुढच्या वाळूत आधी पाय उमटवू नका. आपल्या टाचेचा खड्डा म्हणजे दोन इंचांच्या पिल्लाला विहीर. एकात पडलेलं पिल्लू बाहेर यायला पाच-पाच मिनिटं धडपडतं, वर आलं की पुढच्या खड्ड्यात.

पिल्लं निघतीलच अशी हमी कोणी देत नाही. म्हणून मुक्काम असा धरावा की एक संध्याकाळ आणि एक सकाळ, दोन्ही हाताशी राहतील. जानेवारी २०२२ मध्ये याच किनाऱ्यावरच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला, तिचं नाव ‘प्रथमा’. पुढच्या वर्षी गुहागरला टॅग केलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली.

पाचवा दिवस, द्वितीया: केळशी, आंजर्ले, हर्णै

सकाळची पिल्लं पाहून निघावं. केळशीच्या महालक्ष्मीचं देऊळ, मग आडे-पाडल्याच्या बाजूने आंजर्ले. कड्यावरच्या गणपतीपाशी गाडी जाते, पण गावातून पायऱ्यांनी चढलात तर सुवर्णदुर्ग हळूहळू झाडांवर उगवताना दिसतो.

हर्णैला चारच्या आत पोचावं. मचवे खोल पाण्यात थांबतात, मासळी लहान होड्यांतून आणि बैलगाड्यांतून वाळूवर येते, ढीग पडतात आणि लिलाव सुरू होतो. घाऊक लिलावात एखाद-दोन किलोसाठी मधे तोंड घालू नये. बाजूला कोळणी वाटे लावून बसतात, तिथे भाव करावा. सुरमई घेताना कल्ले उचलून बघावेत, लाल हवेत. पोटावर बोट दाबलं की खळगा राहता कामा नये. बरोबर न्यायची तर थर्माकोलचा खोका घेऊन जा, बर्फ तिथेच फोडून मिळतो. चपला जुन्या घाला. वर कुरवांचे थवे असतात, त्यामुळे टोपीही.

सहावा दिवस, तृतीया: सुवर्णदुर्ग आणि पन्हाळेकाजी

ओहोटी सव्वाआठला. साडेनऊ-दहाला होडी घ्यावी. ऐन ओहोटीला होडी लांबच रुतते, पूर्ण भरतीला उतरायची वाळू राहत नाही. धक्का नाहीच, गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. पिण्याचं पाणी न्यावं, परतीची वेळ ठरवून घ्यावी. दरवाजा दोन बुरुजांच्या आड, उंबऱ्याशी दगडात कासव कोरलेलं आणि भिंतीवर मारुती. काल वेळासला जिवंत पाहिलेलं इथे दगडात. आत झाडोरा माजलाय, तटावरून फिरणंच बरं. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला, तिघेही याचे पहारेकरी.

दुपारी दापोलीमार्गे पन्हाळेकाजी. कोटजाई नदीच्या काठाला २९ लेणी आहेत. सुरुवात हीनयान बौद्धांची, पुढे वज्रयान, मग शैव, गाणपत्य आणि शेवटी नाथपंथ. एकाच कातळात धर्म बदलत गेलेले दिसतात. विजेरी हवी. शेवटचं, एकोणतिसावं लेणं बाकीच्यांपासून लांब आहे. त्यातली चौऱ्याऐंशी सिद्धांची शिल्पं सोडून परत येणारे पुष्कळ, म्हणून आधी तेच गाठावं आणि मग बाकीची बघावीत.

सातवा दिवस, वद्य चतुर्थी: दाभोळ ते हेदवी

आज हिशोब सोपा. चार गुणिले पाऊण, तीन. पाच-दहा मिनिटं वर.

दाभोळ एके काळी आदिलशाहीचं भरभराटीचं बंदर होतं. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीजांनी ते जाळलं. त्यानंतर उभी राहिलेली मशीद धक्क्याजवळच आहे. ती आणि चंडिकादेवीचं गुहेतलं ठाणं बघून फेरीने धोपावे. ज्याला सगळे ‘दाभोळचा वीजप्रकल्प’ म्हणतात तो खाडीच्या या बाजूला, अंजनवेलच्या अंगाला आहे. दाभोळमध्ये शोधत बसणारे दरवर्षी भेटतात.

गुहागरला व्याडेश्वर आणि जेवण करून एक वाजता हेदवीकडे निघावं. आज संकष्टी, त्यामुळे दशभुजा गणेशाला गर्दी असणार. गाडी लावायलाच अर्धा तास जातो. आधी समुद्रावर जावं. उमामहेश्वराच्या देवळाच्या पुढे खडकातून वाट बामणघळीपर्यंत जाते. कातळाला पडलेली ही अरुंद भेग. भरतीचं पाणी रुंद तोंडातून आत घुसतं, पुढे जागा उरत नाही, आणि ते सरळ वर उडतं. माघात समुद्र शांत आणि उधाणही उतरत आलेलं, त्यामुळे फवारा पावसाळ्याइतका उंच नसतो. पण पावसाळ्यात इथवरची वाट धोक्याची, आता निदान जवळून बघता येतं. पावणेतीन ते साडेतीन थांबावं, दर सात-आठ लाटांमागे एक नीट उडते. घळीच्या काठापासून दोन माणसं अंतर ठेवा. कॅमेऱ्यावर फडका ठेवून बसा आणि घळीकडे न बघता बाहेरच्या लाटेकडे बघा. ती खडकाला लागली की मग फडका काढायचा.